रूथचा सरवा आणि शेवटी जोडलेलं एक वाक्य

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. गावाचं, शाळेचं, माणसांचं नाव मी देत नाही. यातली मुलगी अजून त्याच शाळेत शिकते आणि तिच्या घरची गोष्ट चारचौघांत आधीच फार फिरली आहे. मुलांसमोर बायबलमधल्या गोष्टी करून दाखवणारे आणखी दोन-तीन गट आमच्या ओळखीत आहेत. "तुमच्याकडे नक्की झालं काय?" असं त्यांनी विचारलं, म्हणून जे आठवतं ते सगळं लिहून काढते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 32 वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पाच जणांना सोबत घेतलं. ऑटो चालवणारा एक भाऊ, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक ताई, कॉलेजात शिकणाऱ्या दोघी मुली आणि काका. काका मूळचे वडसा भागातले. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या त्या भागात, धानाचा हंगाम आटोपला की रात्र रात्र नाटकं चालतात, तिथं त्यांनी तरुणपणी स्त्रीपार्टी कामं केलेली. पहाटेपर्यंत बसलेल्या मंडपाला ऐकू जाईल असा आवाज लावायची त्यांची सवय. वर्गखोलीत तो आवाज काढला की पहिल्या रांगेतली पोरं दचकायची. आवाज खाली आणायला त्यांना महिनाभर लागला, पण एकदा आणला तेव्हा शेवटच्या रांगेतलं पोरही हलेना.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही गेलो नाही. राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं घटनेचा अनुच्छेद 28 सांगतो, आणि एवढं मला नोकरीपासूनच माहीत होतं. म्हणून एका खासगी अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारलं. पाचवी ते दहावीची शाळा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले शेवटचे दोन तास त्यांनी दिले. "गोष्टीच ना, करा की मॅडम," असं म्हणाले. आम्ही तेवढ्यावरच गेलो. पालकांना कोणी विचारलं नाही. अनुदानित शाळेतल्या मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकाची संमती लागते, हे त्याच अनुच्छेदात पुढे लिहिलेलं आहे. तेही मी वाचलेलं होतं. पण मुख्याध्यापकांचा होकार म्हणजे गावाचा होकार, असं मी धरून चालले.

पहिले दोन प्रयोग छान झाले. जक्कयाची गोष्ट केली. बुटका जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढतो. मराठी बायबलमध्ये ते झाड उंबर आहे. तिकडचं झाड उंबराच्याच जातकुळीतलं, खोडाला फळं लागणारं. शाळेच्या मागच्या नाल्यावर उंबर होता, त्यामुळे मुलांना काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्यांदा पेरणाऱ्याचा दाखला केला. वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, चांगली जमीन. बी खडकावर पडतं तिथं सहावीतला एक मुलगा म्हणाला, "हे तं आमचं बरड वावर हाय." सगळे हसले, तो नाही हसला. मी त्या वेळी ते ऐकून सोडून दिलं. आता वाटतं, तिथंच मला थांबायला हवं होतं. आपल्या गोष्टीतली जमीन कोणाची तरी खरीच असते.

तिसरी गोष्ट रूथची ठरली. ती माझी फार जवळची. चार अध्याय, 85 वचनं, आणि त्यात एकही चमत्कार नाही. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. एक कुटुंब पोट भरायला मवाब देशात जातं. तिथं नवरा मरतो, मग दोन्ही मुलगे मरतात. मागे उरते सासू नामी आणि परदेशी दोन सुना, अर्पा आणि रूथ. नामी परत निघते तेव्हा अर्पा रडून आपल्या माहेरी फिरते. रूथ सासूला सोडत नाही. दोघी विधवा बाया रिकाम्या हातानं गावात येतात, हंगाम सुरू असतो, आणि रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते.

सरवा! हा शब्द मराठी बायबलमध्ये असाच आहे. कापणी झाल्यावर मागे राहिलेली कणसं, शेंगा, बोंडं. मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात सांगितलंय की शेताचा कानाकोपरा साफ कापू नका, पडलेलं उचलू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. आमच्याकडे सोयाबीन निघालं की म्हाताऱ्या बाया आणि पोरी वावरातून शेंगा वेचत फिरतात. काही शेतकरी वेचू देतात, काही हाकलतात. या गोष्टीतला शेतमालक बवाज आपल्या माणसांना सांगतो की पेंढीतून मुद्दाम थोडं गाळत चला, तिला रागावू नका. वर्गातल्या निम्म्या मुलांनी सरवा वेचलेला होता. अशी गोष्ट आपल्या मुलांसमोर करायला मिळणं हे मला भाग्य वाटलं, आणि अजूनही वाटतं.

तालमी पंधरा दिवस चालल्या. जव, ज्याला सातू म्हणतात, तो इकडे कोणी पाहिलेला नाही. म्हणून ज्वारी घेतली. ज्वारी तरी कुठं सहज मिळते! सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. ऑटोवाल्या भावानं दोन गावं फिरून एका शेतकऱ्याकडून पोतंभर कणसं आणली. बवाज रूथला जेवायच्या वेळी भाजलेलं धान्य देतो, तिथं आम्ही हुरडा ठेवला. तिनं दिवसभर वेचून झोडपलेलं धान्य एक एफाभर होतं, म्हणजे साधारण 22 लिटर. त्यासाठी स्वयंपाकघरातला मोठा डबा आणला आणि तो खरंच भरला, कारण डबा हलका असला की पोरांच्या लगेच लक्षात येतं. तिसरा अध्याय, खळ्यावरच्या रात्रीचा, आम्ही सरळ वगळला. चौथ्या अध्यायात गावच्या वेशीत दहा वडीलधारे बसतात, नामीच्या नवऱ्याची जमीन कोणी सोडवायची ते ठरतं, आणि व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून एक जण पायातली वहाण काढून देतो. त्याला आम्ही कोतवाल आणि सातबारा असं काही जोडलं नाही. जोडायची गरजच नव्हती.

काका नामी झाले. लुगडं त्यांनी स्वतः नेसलं, कोणाला हात लावू दिला नाही.

एका वाक्यावर आमचा वाद झाला. रूथ सासूला म्हणते, "तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव." ऑटोवाला भाऊ म्हणाला, "मॅडम, हे वाक्य शाळेत नको. माणसं उलटा अर्थ काढतील." कॉलेजातली रूथ म्हणाली, "मग मी बोलू काय? सगळी गोष्ट याच वाक्यावर उभी हाय." मला तिचं पटलं. ते वाक्य काढलं तर सून सासूसाठी काय काय सोडून येते तेच कळत नाही, आणि शास्त्रातलं गैरसोयीचं वाक्य लपवून गोष्ट सांगणं मला बरं वाटलं नाही. ठेवलं. ते ठेवण्यात चूक नव्हती असं मी आजही म्हणते. ज्यांची लेकरं समोर बसणार त्यांना ते आधी माहीत असायला हवं होतं, चूक झाली ती तिथं.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. कापूस वेचणीला जोर होता, म्हणून वर्गात नेहमीपेक्षा मुलं कमी. सहावी ते आठवी मिळून सतरंजीवर बसवली. मरणारी पुरुषपात्रं तीन, काका नामी झालेले, म्हणजे आमच्याकडे पुरुष उरला एकच, म्हणून भावानं एक युक्ती काढली होती. खांद्यावर तीन दुपट्टे घेऊन तो यायचा. नवरा गेला की एक दुपट्टा काढून, घडी घालून नामीच्या पायाशी ठेवायचा. मग पहिला मुलगा, दुसरा दुपट्टा. मग दुसरा मुलगा, तिसरा. तोंडानं काही बोलायचं नाही. तिसरी घडी ठेवून तो मागे पाय घेत भिंतीला जाऊन टेकायचा आणि काका त्या तीन घड्यांकडे बघत उभे राहायचे. तालमीत आम्हाला हे फार सुंदर वाटलं होतं.

तिसरा दुपट्टा खाली ठेवला तेव्हा आठवीतली एक मुलगी उठली आणि बाहेर गेली. मी बघितलं. पाणी प्यायला गेली असेल, असं वाटलं. ती परत आली पण बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

पुढचा भाग आनंदात गेला. आमच्या रूथनं सतरंजीवर पसरलेली कणसं वेचायला सुरुवात केली तर दोन-तीन पोरं ओरडली, "ताई, सरवा असा नाई वेचत!" ती उभ्या उभ्या वाकून एकेक कणीस उचलून हातात धरत होती. वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. कॉलेजच्या मुलीला हे माहीत नव्हतं, मुलांना माहीत होतं. शेवटी रूथचं बवाजशी लग्न होतं, नामीच्या मांडीवर नातू येतो आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला. काकांनी कापडाची गुंडाळी अशी धरली की पुढची लहान पोरं मान उंचावून बाळ बघू लागली.

आणि मग एका मुलानं सवयीनं विचारलं, "मॅडम, तात्पर्य?"

हे जरा थांबून सांगते. आपल्या शाळांत परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा. बोधकथा संपली की तात्पर्य. मीच 32 वर्षं फळ्यावर खडूनं "तात्पर्य" लिहून खाली रेघ ओढत आले. मुलं गोष्ट विसरतात, तात्पर्य वहीत उतरवतात, कारण परीक्षेत तेच येतं. आमच्या गटात मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आपण तात्पर्य द्यायचं नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्याचा अर्थ येशूनं शिष्यांना स्वतः सांगितलाय, ती गोष्ट वेगळी. रूथच्या पुस्तकात असा अर्थ कोणी सांगत नाही. पण मुलानं विचारल्यावर मी लगेच उत्तर दिलं नाही, शब्द शोधत बसले. तेवढ्यात ताई पुढे आल्या. मायेनं म्हणाल्या, "बाळांनो, जो देवावर विश्वास ठेवतो ना, त्याचं घर देव कधी रिकामं ठेवत नाही."

टाळ्या पडल्या. शाळा सुटली. दारातली मुलगी तेव्हा तिथं नव्हती.

सोमवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. मुलीचे काका शाळेत आले होते आणि आवाज चढला होता. मी गेले. त्यांनी मला नमस्कार केला, बसायला खुर्चीही ओढून दिली, मग म्हणाले, "मॅडम, पोरगी शाळेत शिकाले पाठवली. नाटकात सून म्हनते, तुझा देव तो माझा देव. आमच्या पोरीले हे शिकवाचं तं आमाले कोनी इचारलं काय?"

मी म्हटलं, "नाही विचारलं. विचारायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे."

त्यांना बहुधा मी वाद घालीन असं वाटलं होतं. ते गप्प झाले. मुख्याध्यापकांनी मात्र घाईनं सांगून टाकलं की कार्यक्रम आजपासून बंद. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. सगळ्यांच्या लेखी विषय मिटला होता: धर्माची तक्रार आली, धर्माचा कार्यक्रम बंद झाला.

बाहेर पडताना वर्गशिक्षिका मागून आल्या आणि हळू आवाजात बोलल्या. त्या मुलीच्या वडिलांनी दोन वर्षांपूर्वी आत्महत्या केली. शेती आजोबांच्या नावावर, आजोबा त्याआधीच वारलेले. कर्ज सावकाराचं, कागदावर न दिसणारं. प्रकरण अपात्र ठरलं, म्हणजे सरकारची एक लाखाची मदतही नाही. पात्र आणि अपात्र हे दोन शब्द आमच्याकडच्या लहान पोरांनाही कळतात. घरात आता आजी, आई, ही मुलगी आणि तिचा लहान भाऊ. सासू विधवा, सून विधवा. सून मजुरीनं कापूस वेचायला जाते.

म्हणजे आम्ही त्या मुलीसमोर तिचंच घर मांडलं होतं. दुपट्ट्यांच्या घड्यांसकट. आणि शेवटी तिला सांगितलं होतं की विश्वास असता तर घर रिकामं राहिलं नसतं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता, छताला टेकत आलेला. भाव वाढेल म्हणून दिराचा कापूसही तिथंच ठेवलेला. आजी त्याच्या कडेला पाय लांब करून बसली होती.

"तुमी त्याच काय, नाटकवाल्या बाई? बसा. च्या मांडतो."

चहा झाला. मी माफी मागितली, सुनेच्या आणि देवाच्या वाक्याबद्दल. आजीनं हातानं माशी हाकलावी तसं ते बाजूला केलं. "थे त्याईचं चाललं, लेकाचं. मले त्याचं काई नाई. सून सासूले सोडून नाई गेली, यात काय वाईट हाय? माही सून बी नाई गेली." मग थोडा वेळ ती बोललीच नाही. कापसातली पत्ती काढत राहिली. "माह्या पोरानं इस्वास नोता ठेवला काय? दर साली वारीले जाये. माळ होती त्याच्या गळ्यात. मंग त्याचं घर काहून रिकामं झालं, थे सांगा. नातीनं मले रातभर हेच इचारलं. मी काय सांगू तिले?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी तिला गोष्ट पुन्हा सांगितली, कारण तिनं नाटक पाहिलं नव्हतं, नातीकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. नामी गावात परत येते तेव्हा बाया विचारतात, ही नामी का? नामी म्हणजे गोड, मनोहर. ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. भरलेली गेले होते, देवानं मला रिकामी परत आणलं.

आजीनं पत्ती काढणं थांबवलं. "असं म्हनते थे?"

"असंच म्हणते."

"मंग तिले कोनी बोललं काय, देवाले असं काहून म्हनतं म्हनून?"

"नाही आजी. पुस्तकात कोणीच नाही बोललं तिला."

"मंग तुमीनं काहून बोललं?"

मी या प्रश्नावर बरेच दिवस बसले. आमच्या गटानंही बसावं म्हणून सगळ्यांना बोलावलं आणि आजीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ताई रडल्या. त्यांचे यजमान अपघातात गेले तेव्हा मुलं लहान होती. त्या सांगतात ते त्यांनी जगलेलं आहे. त्यांचं घर खरोखर उभं राहिलं, आणि ते देवानं उभं केलं असं त्या मनापासून मानतात. रविवारी उपासनेत उभं राहून त्या हेच वाक्य बोलल्या असत्या तर ती साक्ष झाली असती, आणि आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं असतं. तिथं ऐकणारा त्यांना ओळखतो, त्यांचं दुःख ओळखतो. शाळेत सतरंजीवर बसलेल्या मुलीला त्यांचं काहीच माहीत नव्हतं. तिच्या कानावर पडला तो फक्त नियम: विश्वास असेल तर घर भरतं. त्या नियमाची उलटी बाजू तिनं स्वतः मांडली. आठवीच्या मुलीला तेवढं गणित येतं.

कायद्याच्या अंगानंही मी पुन्हा विचार केला, कारण मुलीच्या काकांची तक्रार मला आजीच्या तक्रारीपेक्षा कमी महत्त्वाची वाटत नव्हती. 2002 मध्ये शालेय अभ्यासक्रमाविषयीच्या अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं धर्मांविषयी शिकवणं आणि धर्माची शिकवण देणं यांत फरक केला आहे. सरवा वेचणाऱ्या सुनेची गोष्ट पहिल्या बाजूला बसू शकते. "जो विश्वास ठेवतो त्याचं घर" हे दुसऱ्या बाजूला पडतं, कसंही फिरवलं तरी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. काका म्हणत होते तुम्ही आमच्या पोरीला धर्म शिकवला. आजी म्हणत होती तुम्ही माझ्या पोराला दोष दिला. गोष्टीनं दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं. दोन्ही त्या शेवटच्या वाक्यानं केलं. आणि ते वाक्य शास्त्रातलं नव्हतंच, आमचं होतं. नवरा आणि मुलगे का मेले याचं कारण रूथचं पुस्तक कुठंच देत नाही. नामीच्या तक्रारीला उत्तरही देत नाही. शेजारणी तिच्याजवळ उभ्या असतात, बस.

काकांनी, म्हणजे आमच्या नामीनं, आणखी एक गोष्ट काढली. "झाडीपट्टीत नाटक संपलं का नट आत जाते, मॅडम. पुन्हा बाहेर येऊन काई सांगत नाई. आपन बाहेर आलो, हे चुकलं." मी ते वहीत लिहून ठेवलं. गोव्यातल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्ताची कथा (ती 1616 साली छापली गेली) मराठी ओव्यांत रचली, कारण ऐकणाऱ्याच्या कानाला ओवीची सवय होती. आपणही मुलांच्या सवयीचं रूप घ्यावं असं मला नेहमी वाटत आलं. पण परिपाठातलं तात्पर्य हीसुद्धा सवयच, आणि ती मात्र घेऊ नये असं मी आता ठाम म्हणते.

ताई एकट्याच आजीकडे जाऊन आल्या. मी सोबत गेले नाही, त्यांनी नको म्हटलं. दोन तास बसल्या, एवढंच मला माहीत आहे. परत आल्या तेव्हा साडीला कापूस चिकटलेला होता.

मग आम्ही संमतीपत्र तयार केलं. छापील, मराठीत, एका पानाचं. गोष्ट बायबलमधली आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं. खाली पूर्ण गोष्टीचा गोषवारा, तीन पुरुषांच्या मृत्यूसकट. रूथचं ते वाक्य अवतरणात छापलं, म्हणजे नंतर कोणाला धक्का बसायला नको. प्रार्थना होणार नाही, पुस्तिका किंवा खाऊ वाटला जाणार नाही, हेही लिहिलं. आधी आम्ही चॉकलेट द्यायचो. त्यात वाईट हेतू नव्हता, पण गोष्टीच्या हातात खाऊ आला की घेणाऱ्याच्या आईबापाला काय वाटेल ते आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आणि एक ओळ अशी घातली: आपल्या घरात अलीकडे दुःखद घटना घडली असेल आणि मुलानं हे पाहू नये असं वाटत असेल तर नुसतं "नाही" लिहा; त्याचं कारण विचारलं जाणार नाही. ही ओळ वर्गशिक्षिकेनं सुचवली. वर्गात आणखी दोन मुलं अशी होती, हे मला तेव्हा कळलं.

शाळेनं पुन्हा जागा दिली नाही. त्यांचा निर्णय आम्ही मान्य केला. संक्रांतीनंतर एका रविवारी संध्याकाळी गावातल्या समाजमंदिरात प्रयोग ठेवला. पत्रं घरोघरी वाटली. काही परत आली सहीनिशी, काही "नाही" लिहून, बरीचशी आलीच नाहीत. ज्यांची आली नाहीत त्यांचा होकार धरला नाही. मुलीच्या काकांच्या घरचं पत्र आलं नव्हतं. आजीच्या घरचं आलं, अंगठ्याचा ठसा लावून.

त्या संध्याकाळी आम्ही दुपट्टे ठेवले नाहीत. भाऊ नुसता एकामागून एक तीनदा दारातून बाहेर गेला आणि परत आला नाही. आजी पुढे भिंतीला टेकून बसली होती, सून शेजारी. मुलगी दोघींच्या मागे. तिचे काका बाहेर ओट्यावर उभे होते, आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

आमचे काका पदर सावरत गावात शिरले. बाया म्हणाल्या, ही नामीच का गं? काका म्हणाले, "मला नामी म्हणू नका. मारा म्हणा. भरलेली गेले होते, रिकामी आले."

"खरं हाय वो बाई," आजी मोठ्यानं म्हणाली.

काका थांबले. झाडीपट्टीतला नट मंडपातून आलेल्या आवाजावर कधी थांबत नाही, असं ते स्वतः सांगतात. ते आजीकडे बघत राहिले. मग तिच्या दिशेनं दोन पावलं टाकून जमिनीवर बसले आणि पुढची वाक्यं तिच्या शेजारी बसूनच बोलले.

सरव्याचा प्रसंग आला. कॉलेजातल्या रूथनं या वेळी ओटी बांधलेली होती, पण गाठ सैल होती. चार कणसं टाकली आणि ओटी सुटली, कणसं घरंगळली. मुलगी मागून उठून पुढे आली. काही न बोलता तिनं रूथच्या कमरेची गाठ सोडली, पदराचं टोक आतून घेऊन उलट्या बाजूनं खोचलं, दोनदा ओढून पाहिलं. "आता नाई सुटनार," म्हणाली, आणि परत जाऊन बसली.

नातू नामीच्या मांडीवर आला. शेजारणी बोलल्या. आम्ही सहाही जण मागच्या खोलीत गेलो आणि दार लोटून घेतलं. बाहेरून त्याच मुलाचा आवाज आला, "तात्पर्य?" ताईंनी माझा हात घट्ट धरला. कोणी बाहेर गेलं नाही. थोडा वेळ कुजबुज, मग सतरंजी उचलल्याचा आवाज. कोणीतरी विचारलं, "ह्या कनसाईचं काय कराचं?"

आजीचा आवाज आला. "ज्यानं येचलं त्याचं. घेऊन चला."

आम्ही दार उघडलं तेव्हा पोतंभर ज्वारीतलं एक कणीस खाली उरलं नव्हतं.